पाटी सरकारची, खर्च कोणाचा?

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात केनेट-एव्हन कालवा केन हिलची टेकडी चढतो. त्यासाठी तेथे २९ लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेले बांधीव कुंड. त्यात पाणी भरले की होडी वर उचलली जाते, सोडले की खाली उतरते. १८१० मध्ये पुरी झालेली ही रांग आज कायद्याने संरक्षित वारसा आहे.

परंतु या कुंडांची दारे १८१० ची नाहीत. ओकचे दार साधारणपणे पंचवीस वर्षे टिकते. मग सुतारांना नवे घडवावे लागते. म्हणजे येथे जपले गेले आहेत ते केवळ दगड-विटा नव्हेत, तर पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रम. इंग्रजीत खोदकामाच्या मजुराला ‘नॅव्ही’ हे नाव मिळाले तेही कालव्यांवरूनच.

आणि नेमक्या याच श्रमांचा खर्च राज्यकर्त्यांना जड झाला आहे. परवानगीवाचून संरक्षित पुलाच्या बांधकामात फेरफार करणे ब्रिटनमध्ये गुन्हा ठरतो. तो पूल उभा ठेवण्यासाठी पैसा देण्याचे बंधन मात्र त्या संरक्षणामुळे सरकारवर येत नाही. १९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. २०१२ मध्ये इंग्लंड व वेल्समधील कालवे एका धर्मादाय न्यासाकडे सोपवण्यात आले. स्कॉटलंडचे मात्र सार्वजनिक मालकीतच राहिले. हस्तांतर अटळ नव्हते, हे यावरून उघड आहे. पुढे २०२३ मध्ये सरकारने जाहीर केले की, २०२७ नंतरची दहा वर्षे न्यासाचे अनुदान क्रमाक्रमाने घटवले जाईल. आधी जबाबदारी काढून द्यायची, मग हातही आखडता घ्यायचा, असा हा व्यवहार आहे!

यावर उत्तर दिले जाते की, सरकारी मालकीतही कालव्यांची दुर्दशा झालीच होती. हे खरे आहे. केनेट-एव्हन कालवा त्याच काळात निकामी झाला आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे घाम गाळल्यावर १९९० मध्ये पुन्हा सलग खुला झाला. पण मालक जनता होती, म्हणूनच १९६८ च्या वाहतूक कायद्याने संसदेला देखभालीचे कर्तव्य मालकाच्या माथी मारता आले. देणगीदाराच्या माथी कोणते कर्तव्य मारणार? स्वयंसेवकांच्या निष्ठेला वंदन करावे. पण त्या निष्ठेला अंदाजपत्रकातील वजाबाकीचे निमित्त करू नये.

हा काही पर्यटकांच्या हौसेचा प्रश्न नव्हे. कालव्याला पाणी पुरवणाऱ्या टॉडब्रुक जलाशयाच्या सांडव्याचा भाग ऑगस्ट २०१९ मध्ये खचला आणि व्हेली ब्रिज गावातील सुमारे दीड हजार माणसांना घरे सोडावी लागली. जुन्या बांधकामामागे साठलेले पाणी सरकारची आर्थिक चणचण जाणत नाही.

जागतिक वारसा म्हणून २००९ मध्ये नोंदला गेलेला वेल्समधील पाँटकिसिल्ते जलसेतू १८०५ पासून उभा आहे, तो सन्मानपत्रांच्या आधारावर नव्हे. त्याची गळती शोधणाऱ्या, सांधे भरणाऱ्या हातांच्या आधारावर. त्या हातांना कायमचे काम आणि रास्त वेतन देणे, हेच वारशाचे खरे संरक्षण होय. ते ज्या सरकारला परवडत नाही, त्याने संरक्षित वास्तूंच्या यादीचा अभिमान मिरवू नये. दार कुजले की पाणी वाहून जाते. पाटी तेवढी जागेवर राहते.