आठवीपर्यंत फी माफ, पुढे काय?

संक्रांतीच्या हळदीकुंकवात तिळगुळाबरोबर हल्ली आणखी एक विषय फिरत असतो, तो म्हणजे शाळाप्रवेश. कोणती शाळा, फी किती, देणगी किती मागतात, आणि मग आवाज जरा खाली आणून, "त्या शाळेत पंचवीस टक्क्यांतली मुलं फार झालीत हो!" असं म्हणणारी बाई काही दुष्ट नसते. घरी कामाला येणाऱ्या मावशींना ती दिवाळीला साडी देते, अडीअडचणीला उचल देते. पण त्याच मावशींची मुलगी आपल्या मुलीशेजारी बाकावर बसली, की तिला कुठेतरी खुपतं.

हे पंचवीस टक्के म्हणजे काय, ते बऱ्याचजणींना नीट ठाऊक नसतं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा आसपासच्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत फी घ्यायची नाही. (अल्पसंख्याकांच्या शाळा यातून वगळल्या आहेत.) वंचितांत अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त वगैरे येतात. दुर्बल म्हणजे आपल्या राज्यात वर्षाचं उत्पन्न लाखाच्या आत असलेली घरं. म्हणजे जातीची उतरंड आणि पैशाची उतरंड, दोन्हींसाठी ही एकच शिडी.

"त्यांचा बोजा आमच्या फीवर पडतो," हेही नेहमी ऐकू येतं. कायद्याने ते पैसे सरकारने शाळेला द्यायचे आहेत. महाराष्ट्रात मुलामागे वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंतचा दर धरला गेला, आणि तीही रक्कम वर्षानुवर्षं थकत राहिली. तेव्हा शाळाचालकांची कुरकुर अगदीच खोटी नाही. पण थकबाकी मंत्रालयातली आणि कपाळावर आठी मात्र सहा वर्षांच्या पोरीला पाहून, हा कुठला हिशोब?

मंत्रालयाने तर एकदा दारच लावून घेतलं होतं. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. आता आपल्या गावात असा कोणता कोपरा आहे, की जिथून किलोमीटरभरात नगरपालिकेची नाहीतर अनुदानित शाळा नाही? पालक आणि संघटना कोर्टात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. दार पुन्हा उघडलं खरं, पण त्या वर्षीच्या मुलांची पहिली चांगलीच रखडली.

मी आठवड्याचे काही तास शिकवायला जाते, त्यामुळे दाराच्या आतलंही थोडं दिसतं. या मुलांना वेगळं बसवायचं नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या वेळी घ्यायचे नाहीत, पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, खेळ यांत भेद करायचा नाही, असं नियमांत आहे. तरी एका शाळेने पुस्तकसंचाचे पैसे मागितले आणि आयांनी बचतगटातून कर्ज काढून ते भरले, हे मला माहीत आहे. शिवाय सहलीची वर्गणी, स्नेहसंमेलनाचा भाड्याचा पोशाख आणि वाढदिवसाला वर्गभर वाटायची चॉकलेटं असतातच. ही चॉकलेटांची चढाओढ कायद्याने नाही, आपणच लावली आहे. आणि लेकीने नव्या मैत्रिणीचं नाव सांगितलं, की आपण पटकन विचारतो, "आडनाव काय गं तिचं?" का विचारतो, ते आपल्याला ठाऊक असतं. काही दिवसांनी मुलीलाही कळतं. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एका शाळेत बसवायचा हुकूम काढला, तो १९१९ साली!

पण आज मला मुख्यतः सांगायचं आहे ते आठवीनंतरचं. फीची माफी आठवीला संपते. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात वाढलेली मुलगी नववीत गेली, की इतरांइतकी पूर्ण फी. धुण्याभांड्याच्या पगारात ती कशी बसायची? माझ्या माहितीतली एक मुलगी यंदा आठवीत आहे, गणितात वर्गात पुढे. "ताई, आता नववीला काय करायचं?" असं तिच्या आईने मला विचारलं, तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

आठवीत एक राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा असते, आर्थिक दुर्बल घटकांतल्या हुशार मुलांसाठी. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पण ती फक्त सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या मुलांना देता येते. म्हणजे ही मुलगी खासगी शाळेत बसली म्हणून ती वाट बंद, आणि फी परवडत नाही म्हणून खासगी शाळाही बंद. कायदा करणाऱ्यांनी नववीचा विचार केला नव्हता का, देव जाणे.

मग उरते अनुदानित शाळा. तिथे मुलींना बारावीपर्यंत शिक्षण-शुल्क माफ आहे. सेमी-इंग्रजीची तुकडी असेल तर गणित-विज्ञान इंग्रजीतच राहतं. मात्र नववीच्या जागा जूनमध्ये शोधू नका. आठवीची वार्षिक परीक्षा व्हायच्या आधीच मुख्याध्यापकांना भेटून ठेवायचं. गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एका पिशवीत तयार हवा. जुनी शाळा दाखला देताना काही बाकी दाखवू लागली, तर ती कसली, ते लेखी मागायचं. मावशींना हे एकटीने जमत नाही. शिपाई दारातूनच परत पाठवतो. आपल्यापैकी कोणी इस्त्रीची साडी नेसून बरोबर गेलं, की त्याच शिपायाला खुर्ची सापडते. वाईट वाटतं, पण आहे हे असं आहे.

खरी अडचण इतिहास-भूगोलाची. आठ वर्षं इंग्रजीत लिहिलेलं आता मराठीत लिहायचं. दोन महिने रोज पानभर लिहिलं तर जमण्यासारखं आहे. तेव्हा घरात आठवी-नववीची बालभारतीची मराठी पुस्तकं असतील, तर यंदा एप्रिलात ती रद्दीवाल्याला घालू नका.