एका आवाजाचे चाहते

वाचकहो, सिनेमाचे चाहते थिएटरच्या दारात भेटतात, क्रिकेटचे चाहते मैदानावर. गाण्याच्या चाहत्यांचे तसे नसते. रेडिओ आणि कॅसेट आपण आपल्या खोलीत ऐकतो. भिंतीपलीकडे दुसरे कोणी हेच गाणे ऐकत असेल, त्याच जागी त्याचीही मान डोलत असेल, हे आपल्याला कळत नाही. आणि गायक जर प्रल्हाद शिंदे असतील, तर त्यांचे चाहते दोन वेगळ्या वस्त्यांत, एकमेकांची खबर नसताना, अख्खे आयुष्य काढू शकतात.

आमच्या चाळीत प्रल्हाद शिंदे म्हणजे जयंतीचा आवाज. चौकात स्टेज बांधायचे, मुलांनी पुढे सतरंजीवर जागा धरायची, आणि कव्वालीचा सामना सुरू झाला की रात्र कशी सरली ते कळायचे नाही. बाजाची पेटी, ढोलकी, कोरसच्या टाळ्या आणि त्या सगळ्यांच्या वर चढलेला तो खडा आवाज. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जायचे असले तरी कोणी उठत नसे.

पुढे ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या. रेकॉर्डप्लेअर आमच्यासारख्यांना कधी परवडला नव्हता. टेपरेकॉर्डर मात्र बोनसच्या पैशात आला. त्यांचे चिरंजीव आनंद आणि मिलिंद यांनी त्याच काळात कॅसेटवर महाराष्ट्र गाजवला. आम्ही दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांबरोबर भीमगीतांच्या एक-दोन कॅसेट घेऊन येत असू. रीळ अडकले की पेन्सिल घालून फिरवायचे, तुटले तर चिकटपट्टीने जोडायचे. त्या कॅसेट घरातल्या दागिन्यासारख्या जपल्या जात.

याच आवाजाने पंढरीच्या वाटेचे ते गाणे गायिले, हे सर्वांना ठाऊक आहे. गीत दत्ता पाटील यांचे, संगीत मधुकर पाठक यांचे. आषाढीला ते वाजले नाही असे गाव महाराष्ट्रात शोधावे लागेल. पण कॅसेटची वेष्टणे वेगळी, दुकाने वेगळी. विठ्ठलाचे चित्र असलेली कॅसेट यात्रेच्या बाजारात, बाबासाहेबांचे चित्र असलेली चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर. आम्ही दोन्ही ऐकत होतो, कारण आषाढीचे गाणे रेडिओ न विचारताच घरात आणून सोडी. पलीकडच्या घरात मात्र आपली कॅसेट कोण नेणार?

१९९६ च्या मे महिन्यात नगर जिल्ह्यात सोनईला आम्ही आप्तांच्या लग्नाला गेलो होतो. (नगर म्हणजे आजचे अहिल्यानगर.) लग्न उरकल्यावर पाहुणे म्हणाले, इथून जवळच शिंगणापूर आहे, बिनदाराची घरे बघून तर जा. दर्शनाचे आमचे काही काम नव्हते, पण पोराबाळांना कुतूहल. म्हणून गेलो. खरोखरच घरांना चौकटी होत्या, दारे नव्हती. कुठे पडदा सोडलेला, कुठे नुसते मोकळे. मधोमध उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा, वर छप्पर नाही. त्या चौथऱ्यावर तेव्हा बायकांना मज्जाव होता. न्यायालयाच्या आदेशानंतर २०१६ च्या एप्रिलमध्ये तो उठला. गावाला दारे नसली तरी उंबरे होते.

तेल, नारळ, रुईच्या माळा यांच्या दुकानांमध्ये एक कॅसेटचा स्टॉल होता. तिथे प्रल्हाद शिंदे लागले होते. आम्ही उभे राहिलो. शेजारी धोतर-टोपीतले, गळ्यात माळ घातलेले एक म्हातारे बाबा डोळे मिटून ऐकत होते. आलाप वर गेला आणि आमच्या तोंडून ‘वा!’ निघाले. त्याच क्षणी बाबांच्या तोंडूनही निघाले. त्यांनी डोळे उघडले.

“पाव्हणं, तुम्हालाबी ह्येच आवडत्यात?”

झाले, गप्पा रंगल्या. आवाज कुठे उचलतात, कुठे दम राखतात, शेवटच्या कडव्याला कसे सोडतात, सगळे बाबांना पाठ. ते भजनात पखवाज धरत. आम्ही सांगितले, यांना माईकशिवाय चौकाच्या पार टोकाला ऐकू येताना आम्ही ऐकले आहे. बाबा चकित झाले. “समोर बसून ऐकलं तुम्ही? कुठल्या सप्त्यात?”

“सप्त्यात नाही बाबा. आंबेडकर जयंतीला.”

स्टॉलवाल्याने उगाच आवाज कमी केला. बाबा आमच्याकडे, मग सौ.कडे, मग पोरांकडे पाहत राहिले. हळूच म्हणाले, “म्हंजी ते तुमच्यातले?”

हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. नोकरीत, खोली भाड्याने घेताना, गाडीत शेजारी बसणाऱ्याकडून तो आपल्याला अनेकदा येतो. त्यानंतर बहुतेक वेळा बोलणे संपते. आम्ही म्हणालो, “होय, आमच्यातलेच.”

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मंग त्यांची तुमच्याकडची गाणी कशी असत्यात?”

कॅसेट आमच्या पिशवीतच होती, लग्नात लावायला आणलेली. स्टॉलवाला म्हणाला, इथे नको, गिऱ्हाईक खोळंबते. बाबा म्हणाले, “चला घरी.”

घरी दार उघडायचा प्रश्नच नव्हता. पण सौ. चौकटीपाशी थांबली. आपल्या आयाबायांना ही सवय कशी लागली ते सांगायला नको. आतून आजी म्हणाल्या, “अगं ये की आत, उन्हात काय उभी?” आम्ही सारे आत बसलो. चहा आला, कप सगळ्यांना सारखेच होते. ते आम्ही पाहिले, आणि आम्ही पाहिले हे आजींनीही पाहिले. कोणी काही बोलले नाही.

बाबांनी कॅसेट लावली. कव्वालीचा ठेका, टाळ्या, आणि आवाज चढला. बाबांचा हात मांडीवर आपोआप पखवाजासारखा पडू लागला. “त्योच आवाज. त्योच दम,” ते म्हणाले. “देवाला हाक मारत्यात तसंच बाबासायबांला मारत्यात.” एक बाजू संपली तेव्हा त्यांनी स्वतः उठून कॅसेट उलटवली. आमची गाडी चुकली, पुढच्या एसटीने आलो. कॅसेट आम्ही तिथेच ठेवून आलो.

पुढे पोस्टकार्डे सुरू झाली. बाबांनी एक कोरी कॅसेट भरून पाठवली. एका बाजूला त्यांच्या मंडळाचे भजन. दुसरी बाजू कोरी, सोबत चिठ्ठी: तुमच्याकडची भरून धाडा. आम्ही धाडली.

२००४ साल आपल्या गाण्याला वाईट गेले. मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. आठवड्याभराने शिंगणापूरहून कार्ड आले. अक्षर नातवाचे, मजकूर बाबांचा. चारच ओळी होत्या. त्यांतली एक अशी, “आपल्यातले माणूस गेले.” आम्ही ते कार्ड सौ.ला दोनदा वाचून दाखवले.

एका कपाने आणि एका कार्डाने जग बदलले, असे आम्ही म्हणणार नाही. पण भाषणाने जिथे पोचता येत नाही तिथे गाणे आधी जाऊन बसलेले असते, एवढे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता मोबाइलवर हवे ते गाणे मिळते. शिंदे घराण्यातले आदर्श आज गातात, तरुण पोरे कानात दांड्या घालून ऐकतात. चांगलेच आहे. पण शेजारी बसलेला काय ऐकतो ते कळत नाही, आणि तोही विचारत नाही. म्हणून वाचकहो, दोन कामे करा. माळ्यावरच्या जुन्या कॅसेट भंगारात देऊ नका. आपल्या कितीतरी स्थानिक गायन पार्ट्यांचा आवाज तेवढ्यातच उरला आहे. गायकाचे नाव, गाव, साल लिहून ठेवा आणि जाणत्या मुलाकडून त्या मोबाइलमध्ये उतरवून घ्या. आणि कधीतरी एक गाणे कानातल्या दांड्या काढून, चारजणांत मोठ्याने लावा. कोणाच्या तोंडून ‘वा!’ येते ते पाहा. ज्याच्या तोंडून येईल त्याला चहाला बोलवा.