विश्लेषण : अल्झायमरच्या रक्तचाचणीत दिसणारे ‘टाऊ’ नेमके काय आहे?

अल्झायमर आता रक्ताच्या एका चाचणीत कळतो, अशा पोस्ट समाजमाध्यमांवर फिरत आहेत. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये अशा पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. मात्र ती ५५ वर्षे व त्यापुढील वयाच्या आणि लक्षणे दिसू लागलेल्या रुग्णांसाठीच आहे. सहज म्हणून करून पाहण्याची ही चाचणी नाही. याचे कारण ती जे मोजते, त्यात दडले आहे.

टाऊ काय करते?

चाचणीत दोन प्रथिनांचे गुणोत्तर पाहतात. एक बीटा-अमायलॉइड आणि दुसरे पी-टाऊ२१७. चेतापेशीच्या लांबलचक तंतूतून मालवाहतूक होते ती सूक्ष्मनलिकांवरून. इमारतीच्या परांचीचे बांबू जसे दोरीने बांधलेले असतात, तसे टाऊ या नलिकांना धरून ठेवते. १९७५ मध्ये त्याचा शोध लागला.

पेशीवर ताण आला की किनेझ नावाची विकरे टाऊवर फॉस्फेट चिकटवतात. (हा ताण म्हणजे ऑफिसचे टेन्शन नव्हे. ऑक्सिजनचे घातक रेणू, ऊर्जेची चणचण, दाह, साचलेली बिघडलेली प्रथिने असा तो असतो.) फॉस्फेट फार झाले की टाऊ नलिकेवरून सुटते. सुटलेले टाऊ एकमेकांना चिकटते आणि त्याचे गुंते होतात. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ऑगस्ट डेटर या रुग्णाच्या मेंदूत असेच गुंते पाहिले होते. ते टाऊचे आहेत, हे उमगायला जवळपास ८० वर्षे गेली.

मग फॉस्फेट म्हणजेच आजार?

नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. शीतनिद्रेत गेलेल्या काही खारींच्या मेंदूतही टाऊवर फॉस्फेट चढते. जाग आली की ते उतरते. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातील संशोधकांच्या २०२५ मधील अभ्यासात तर नवजात बाळांच्या रक्तात पी-टाऊ२१७ अल्झायमरच्या रुग्णांपेक्षाही जास्त आढळले. म्हणजे हा बदल मुळात परतीचा असतो. अल्झायमरमध्ये परतीची वाट अडते. फॉस्फेट काढणारे विकर तिथे मंदावलेले दिसते.

मूत्रपिंडाच्या आजारातही रक्तातील हे प्रमाण वाढू शकते. त्यामुळे नुसता आकडा पाहून घाबरणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही चूकच. विसरभोळेपणामागे बी१२ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्यही असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. लेकानेमॅब (२०२३) आणि डोनानेमॅब (२०२४) ही अमेरिकेत मान्यता मिळालेली औषधे अमायलॉइड हटवतात. आजाराचा वेग त्यांनी काहीसा कमी होतो, पण तो बरा होत नाही. टाऊवर नेम धरणारी अनेक औषधे आतापर्यंत चाचण्यांत अपयशी ठरली आहेत.