अँब्युलन्स येईपर्यंत कोण? गणेश मंडळांना जाहीर आवाहन



विसर्जन मिरवणुकीत अँब्युलन्सचा भोंगा वाजला की गर्दी कशी दुभंगते, याचे व्हिडिओ दरवर्षी फिरतात. कार्यकर्ते हाताची साखळी करतात, ढोल थांबतात, बघता बघता वाट मोकळी होते. याचं कौतुक व्हायलाच हवं. पण माणूस कोसळल्यापासून ती गाडी येईपर्यंत त्याच्याजवळ कोण होतं आणि त्यानं काय केलं, हे कोणी विचारत नाही. हे आवाहन त्या मधल्या मिनिटांसाठी आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एसटी स्टँडबाहेर, रसवंतीसमोर, साठीचे एक गृहस्थ उभ्या उभ्या खाली आले. क्षणात कोंडाळं जमलं. "फिट आलीय, फिट," कोणीतरी जाहीर केलं. एकानं चप्पल काढून नाकाशी धरली, भेळवाला कांदा फोडून घेऊन आला, तिसरा तोंडात पाणी ओतायला निघाला. दोघे-तिघे मोबाइलवर शूटिंग करत होते, ते वेगळंच. गृहस्थ मधूनच घोरल्यासारखा आचका देत होते, म्हणून "श्वास चालू आहे" यावर सगळ्यांचं एकमत होतं. एवढ्यात पाठीला सॅक लावलेली कॉलेजातली एक मुलगी लोकांना बाजूला सारत आत घुसली. खांदे थोपटून "काका, ऐकू येतंय का?" असं दोनदा ओरडली. उत्तर नाही. "108 लावा आणि फोन स्पीकरवर ठेवा," असं रसवाल्याला सांगून तिनं गुडघे टेकले आणि मोठ्यानं आकडे मोजत छाती दाबायला सुरुवात केली. "अगं, बरगड्या मोडतील!" मागून आवाज आला. तिनं वर पाहिलंही नाही. दमली तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्याला बसवलं, त्याचे हात जागेवर ठेवून दिले. गाडी आली तेव्हा दोघं आळीपाळीनं दाबतच होती. हे सारं ती एनएसएसच्या शिबिरात शिकली होती.

तो आचका म्हणजे श्वास नव्हे. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं शरीर असे झटके देतं आणि नेमकं तिथेच लोक फसतात. मेंदूला रक्त मिळालं नाही तर चार ते सहा मिनिटांत त्याला कायमची इजा व्हायला लागते, आणि काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. महाराष्ट्रात 108 ची मोफत सेवा 2014 पासून आहे आणि ती चांगली आहे. पण लक्ष्मी रस्त्यावर किंवा लालबागला अनंत चतुर्दशीच्या रात्री चार मिनिटांत गाडी पोहोचवून दाखवा, असं कोणत्या ड्रायव्हरला सांगणार?

करायचं ते थोडं आहे. माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढं दिसलं की पुरे. नाडी शोधत बसू नका. त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाजवळचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वेग मिनिटाला 100 ते 120. ढोलपथकातल्या पोरापोरींना लय धरायला शिकवावं लागणार नाही. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेले हात नुसते वरवर हलतात. प्रशिक्षण नसेल तर तोंडानं श्वास देण्याच्या भानगडीत पडू नका. बुडालेल्या माणसाला आणि लहान मुलांना मात्र श्वास देणं गरजेचं असतं, ते वर्गात शिकून घ्यावं. आणि हो, छातीत दुखतंय पण माणूस बोलतोय, अशा वेळी छाती दाबायची नसते. त्याला बसवून तातडीनं दवाखाना गाठायचा.

वाचून हे येत नाही. रबरी पुतळ्यावर दाबून पाहिलं की कळतं, आपण समजतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो.

"पोलिसांचं लफडं नको" हे कारण आता चालणार नाही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देण्यावर सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये शिक्कामोर्तब केलं आणि 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आलं. वाहन अपघातातल्या जखमीला सद्हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही नाही.

त्याहून अवघड अडचण दुसरीच आहे. बाई कोसळली तर पुरुष हात लावायला कचरतात आणि "कोणीतरी लेडीज बोलवा" म्हणत मोलाची मिनिटं जातात. म्हणून प्रशिक्षणाला महिला कार्यकर्त्या निम्म्या तरी हव्यात आणि पुरुषांचा हा संकोच तिथेच, सगळ्यांसमोर बोलून मोडायला हवा.

डेन्मार्कमध्ये 2001 साली हृदय बंद पडून कोसळलेल्यांपैकी जेमतेम पाचातल्या एकाला जवळच्या माणसाकडून छातीदाब मिळत होता. शाळांत आणि वाहन परवान्यासाठी हे शिक्षण सक्तीचं झालं, इतरही प्रयत्न झाले, आणि 2010 पर्यंत जवळपास निम्म्या जणांना तो मिळू लागला. महिनाभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण त्याच काळात साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरा टक्क्यांवर पोहोचलं. म्हणजे तिथेही बहुतेक जण वाचत नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण वाचणारे तिपटीनं वाढले.

आपल्याकडे सक्तीची वाट बघण्याचं कारण नाही, मंडळं आहेत. भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत बसवली आहे. गावातल्या भूलतज्ज्ञांना किंवा डॉक्टरांच्या संघटनेला विचारा, पुतळा घेऊन शिकवायला येणारं कोणीतरी मिळेल. दहा दिवसांतली एक संध्याकाळ, आरतीनंतरचे दोन तास, एवढंच लागतं. ऑर्केस्ट्रा एक दिवस कमी झाला तर बाप्पा रागावणार नाही.

तेव्हा मांडवाच्या परवानगीसाठी मंडळाची बैठक बसेल, त्याच बैठकीत प्रशिक्षणाची तारीख ठरवा आणि अहवालाच्या पहिल्या पानावर छापा. मिरवणुकीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांना वेगळ्या रंगाची टोपी द्या. आणि आपल्या चौकातले रिक्षावाले, पानवाले, वॉचमन यांना घरी जाऊन बोलावणं करा, कारण बाकीचे 355 दिवस रस्त्यावर तेच असतात.