पारा चढतो म्हणून हात उठत नाही

उन्हाळा आला की हमखास ऐकू येते: ऊन वाढले की डोकी तापतात आणि मारामाऱ्या होतात. तापमान आणि हिंसा यांचा संबंध संशोधकांनीही दाखवला आहे. तो आम्ही नाकारत नाही. पण तापलेल्या डोक्याचा हात कुणावर उठतो, हे पारा ठरवत नाही.

शिरूर-दौंड हा पुणे जिल्ह्याचा अवर्षणप्रवण पट्टा. डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. 12 मे 1875 रोजी, ऐन उन्हाळ्यात, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर तुटून पडले. त्यांचा रोख माणसे मारण्यापेक्षा कर्जरोखे जाळण्यावर होता. कापसाचे भाव कोसळले होते, सरकारने सारा वाढवला होता, जमिनी सावकाराच्या घशात जात होत्या. मोठा दुष्काळ आला तो त्यानंतर, 1876 साली. म्हणजे दंग्याचे मूळ आभाळात नव्हते, कर्जरोख्यात होते. म्हणूनच सरकारला 1879 मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

आता 1972 घ्या. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली. दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात, बावड्याला, दलितांवर बहिष्कार पडला. करड्यात जे हत्यार पिळणाऱ्यावर चालले, तेच बावड्यात पिळलेल्यांवर चालवले गेले. पाणीटंचाई साऱ्या गावाला असते, मार मात्र एकाच वस्तीला बसतो.

आणि 1 जानेवारी 2018? कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात दगडफेक, जाळपोळ झाली तेव्हा थंडीचे दिवस होते. तेव्हा कुठले ऊन डोक्यात गेले होते?

हवामान बदलते आहे; टंचाई वाढेल. खडकवासल्याच्या कालव्यावर ऊस हिरवा राहील आणि वस्तीवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतील. अशा वेळी भांडण झाले की 'उन्हामुळे झाले' म्हणणे म्हणजे गुन्हेगाराला सूर्याचा जामीन देणे आहे.

मित्रांनो, उन्हाळ्याआधीच कामाला लागा. कोणती विहीर, कोणता नळ सार्वजनिक आहे, याची यादी करा. टँकर आपल्या वस्तीत किती वाजता येतो, याची नोंद ठेवा. 2015 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जाती-जमातींना विहीर, तळे, नळ वापरण्यापासून अडवणे हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडला पाण्याचा प्रश्न हक्काचा केला. तो पुन्हा हवामानाचा होऊ देऊ नका.

जय भीम!