रेड लाइट थेरपीचे पॅनेल घरी घ्यावे का? पैसे भरण्याआधी हे तपासा

मोबाइलवर रील्स पाहताना लाल प्रकाशात न्हालेला एखादा चेहरा तुम्हालाही दिसला असेल. कोणी त्या प्रकाशाने त्वचा तजेलदार होते म्हणतो, कोणी गुडघेदुखी जाते म्हणतो, तर कोणी केस, झोप, थायरॉइड आणि मधुमेह या सगळ्यांवर तोच दिवा सुचवतो. पूर्वी अशी उपकरणे त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा फिजिओथेरपी केंद्रात दिसत. आता ती ऑनलाइन मिळतात. किंमत काही हजारांपासून लाखाच्या घरात जाते आणि हप्त्यांची सोयही असते. परगावी किंवा परदेशी असलेली मुले आईवडिलांसाठी पॅनेल मागवतात आणि मग आम्हा डॉक्टरांना विचारले जाते, "घेतलंय, आता कसं वापरायचं?"

हा प्रश्न खरेदीच्या आधी आला तर बरे. कारण "कोणते पॅनेल चांगले?" याचे उत्तर "कोणत्या त्रासासाठी?" हे ठरल्याशिवाय देता येत नाही.

हा प्रकाश नेमका कसला?

या पॅनेलमध्ये बहुधा दोन प्रकारचे एलईडी असतात. एक डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देतो. त्याची तरंगलांबी साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटर असते. दुसरा साधारण ८१० ते ८५० नॅनोमीटरचा निअर-इन्फ्रारेड प्रकाश देतो. तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून काही दिवे बंद असल्यासारखे वाटतात.

काही गैरसमज आधीच दूर करू. या प्रकाशात अतिनील किरण नसतात. त्यामुळे त्याने त्वचा रापत नाही आणि ड जीवनसत्त्वही मिळत नाही. नवजात बाळाच्या काविळीसाठी वापरतात तो निळा प्रकाश आणि सोरायसिस किंवा कोडावर देतात तो अतिनील प्रकाश, हे दोन्ही उपचार वेगळे आहेत. शेकण्यासाठी अनेक घरांत असलेला लाल बल्ब मुख्यतः उष्णता देतो. तोही हा नव्हे.

या उपचाराची सुरुवात १९६७ मध्ये बुडापेस्टमध्ये झाली. एंद्रे मेस्टर या डॉक्टरांनी उंदरांच्या भादरलेल्या त्वचेवर कमी शक्तीचा लेसर सोडला, तेव्हा तिथले केस लवकर वाढलेले दिसले. पेशींमधील मायटोकाँड्रिया हा प्रकाश शोषून घेतात आणि त्यामुळे पेशीला ऊर्जा मिळते व सूज कमी होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. प्रयोगशाळेत याला आधार आहे. पण पेशीवर परिणाम दिसणे आणि तुमच्या आईचा गुडघा दुखायचा थांबणे, यांत मोठे अंतर आहे.

पुरावा कुठे आहे आणि कुठे नाही?

सर्वांत भक्कम पुरावा ज्या ठिकाणी आहे, त्याची जाहिरात तुम्ही क्वचितच पाहिली असेल. कर्करोगाच्या रेडिएशन किंवा केमोथेरपीमुळे तोंडात वेदनादायक व्रण होतात. ते टाळण्यासाठी हा प्रकाश उपयोगी पडतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये याबाबत मार्गदर्शन दिले. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांच्या मार्गदर्शक सूचनांतही ठरावीक रुग्णांसाठी त्याची शिफारस आहे. पण हा उपचार प्रशिक्षित व्यक्ती मोजून दिलेल्या मात्रेत करते. भिंतीवर टांगलेल्या पॅनेलसमोर बसून तो होत नाही.

मानदुखीवर २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात जुनाट मानदुखी उपचारानंतर २२ आठवड्यांपर्यंत कमी राहिल्याचे दिसले. मात्र त्या चाचण्यांमध्ये ठरावीक जागी लेसर वापरला होता.

केस गळण्यावर लेसरच्या कंगव्याला अमेरिकेच्या एफडीएने २००७ मध्ये बाजारात येऊ दिले. अनुवंशिक टक्कल असेल तर काहींना मध्यम फायदा होतो. परंतु लोह कमी असल्याने, थायरॉइडमुळे किंवा डेंग्यू-टायफॉइडसारख्या तापानंतर केस गळत असतील, तर आधी त्या कारणाकडे पाहायला हवे.

त्वचेबाबत जर्मनीतील एका अभ्यासाचा (२०१४) दाखला बरेच विक्रेते देतात. त्यात १३६ जण होते. ज्यांना प्रकाश दिला त्यांच्या त्वचेचा पोत सुधारल्याची नोंद झाली. पण तुलनेसाठीचा गट फक्त २३ जणांचा होता आणि त्यांना कोणताच प्रकाश दिला नव्हता. त्यामुळे आपल्यावर उपचार होत आहे या भावनेचा वाटा किती, हे त्यातून कळत नाही.

मधुमेह असेल तर हा भाग जरूर वाचा

२०२४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी पाठीवर १५ मिनिटे लाल प्रकाश दिला. नंतर ग्लुकोज प्यायल्यावर रक्तातील साखरेची एकूण वाढ सुमारे २८ टक्के कमी झाली. ही बातमी भारतातही खूप फिरली. पण त्या प्रयोगात ३० जण होते आणि ते सगळे निरोगी होते. मधुमेहाच्या रुग्णांवर किंवा महिनोन्‌महिने वापरावर तो प्रयोग नव्हता. एवढ्यावर कोणी मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन कमी करू नये.

पायांना मुंग्या येणे किंवा बधीरपणा यासाठीही पॅनेल घेतले जाते. इथे आपल्या उपयोगाचा एक अभ्यास आहे. २००८ मध्ये 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. ६९ रुग्णांनी घरी रोज ४० मिनिटे, ९० दिवस उपकरण वापरले. काहींकडे खरे इन्फ्रारेड उपकरण होते, तर काहींकडे हुबेहूब तसेच दिसणारे खोटे. कोणाकडे कोणते आहे हे रुग्णाला किंवा तपासणाऱ्याला माहीत नव्हते. शेवटी दोन्ही गटांत फरक आढळला नाही. त्याआधीच, २००६ मध्ये, अमेरिकेच्या सरकारी मेडिकेअर विम्याने पायांच्या अशा तक्रारींसाठी इन्फ्रारेड उपकरणांचा खर्च देणे नाकारले होते.

इथे प्रश्न फक्त पैशांचा नाही. पाय बधीर असेल तर चटका बसल्याचे कळत नाही आणि मधुमेहात तेवढ्या फोडाची जखम होऊन ती चिघळू शकते. शिवाय दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये आणि शाकाहारी व्यक्तींमध्ये मुंग्यांमागे बी-१२ ची कमतरता असू शकते. ती साध्या रक्ततपासणीत कळते आणि गोळ्या-इंजेक्शनांनी भरून निघते. मात्र उशीर झाला तर नसांची हानी कायमची राहू शकते. तीन महिने दिव्यासमोर पाय धरून बसण्यात ही वेळ निघून जायला नको.

डब्यावरचा आकडा आणि शरीराला मिळणारा प्रकाश

औषधाला जसा डोस असतो, तसा प्रकाशालाही असतो. पॅनेल किती वॅटचे आहे यावरून तो कळत नाही. ते पॅनेल किती वीज खाते एवढेच त्यावरून समजते. पाहायचा आकडा म्हणजे त्वचेवर पडणारी तीव्रता. ती मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर या एककात देतात आणि किती अंतरावर मोजली हे सोबत लिहिलेले असावे लागते.

समजा, ३० सेंटिमीटरवर तीव्रता ३० मिलिवॅट आहे. तुम्ही १० मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद बसलात, तर दर चौरस सेंटिमीटरला १८ ज्यूल मिळाले. तेच पॅनेल जवळ घेतले तर डोस वाढतो, लांब ठेवले तर घटतो. अंगावर कपडे असतील तर फारच थोडा प्रकाश पोहोचतो.

काही विक्रेते सूर्यप्रकाश मोजण्याच्या स्वस्त मीटरने तीव्रता मोजून दाखवतात. हे मीटर सूर्याच्या मिश्र प्रकाशासाठी बनवलेले असतात. लाल एलईडीसमोर ते खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतात. म्हणून स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागा.

जास्त वेळ बसल्याने जास्त फायदा होतो, असेही नाही. ठरावीक मर्यादेनंतर परिणाम कमी होतो किंवा उलटा होतो, असे प्रयोगांत दिसले आहे.

'एफडीए' हा शब्द आणि आपला कायदा

महाराष्ट्रात एफडीए म्हटले की आपल्याला राज्याचे अन्न व औषध प्रशासन आठवते. जाहिरातीतली एफडीए मात्र अमेरिकेची असते. तिथेही तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'रजिस्टर्ड' म्हणजे कंपनीने आपली नोंद केली, इतकेच. एफडीए त्याचे कोणतेही प्रमाणपत्र देत नाही. म्हणून सोनेरी चौकटीतले 'रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट' दाखवले तर सावध व्हा. 'क्लिअर्ड' म्हणजे उपकरण आधी बाजारात असलेल्या उपकरणाशी पुरेसे मिळतेजुळते आहे आणि तेही सांगितलेल्या वापरापुरतेच. सुरकुत्यांसाठी क्लिअर्ड असलेले पॅनेल गुडघ्यासाठीही मान्य आहे, असा अर्थ होत नाही. 'अप्रूव्हड' हा याहून कडक टप्पा आहे आणि घरगुती पॅनेलच्या जाहिरातीत तो शब्द बहुतेक वेळा सैलपणे वापरलेला असतो.

भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू आहेत. कमी जोखमीच्या अ आणि ब वर्गातील उपकरणांना १ ऑक्टोबर २०२२ पासून, तर क आणि ड वर्गातील उपकरणांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. आजारावर उपचार करण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या उपकरणाला परवाना क्रमांक असायला हवा. आयात केलेल्या उपकरणाला तो केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे सीडीएससीओ देते. विक्रेत्याला क्रमांक विचारा. "हे वेलनेस प्रॉडक्ट आहे, परवाना लागत नाही," असे उत्तर आले, तर मग त्याच पानावर संधिवात आणि मधुमेहाची नावे कशी, हेही विचारा. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे.

कोणी विशेष जपावे?

डोळे: निअर-इन्फ्रारेड प्रकाश दिसत नसल्याने डोळे आपोआप मिटत नाहीत. दिव्याकडे टक लावून पाहू नका आणि सोबत आलेला चष्मा वापरा. न्यूट्रोजिना कंपनीने २०१९ मध्ये मुरुमांसाठीचा आपला लाल-निळ्या प्रकाशाचा मुखवटा परत मागवला. काही नेत्रविकार असलेल्यांच्या डोळ्यांना इजा होण्याची शक्यता हे त्याचे कारण होते. डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा मधुमेहामुळे पडद्यावर बदल असतील, तर आधी नेत्रतज्ज्ञांना विचारा. मुलांचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून चीनमध्ये वापरतात ते लाल प्रकाशाचे यंत्र वेगळे आहे. त्याच्या वापरानंतर १२ वर्षांच्या मुलीच्या पडद्याला इजा झाल्याची नोंद २०२३ मध्ये झाली आहे. घरातले पॅनेल मुलांच्या डोळ्यांसमोर धरू नका.

त्वचा: अमेरिकेतील सुरक्षितता-चाचण्यांत सावळ्या-काळ्या त्वचेला लाल प्रकाशाची सहन होणारी कमाल मात्रा गोऱ्या त्वचेपेक्षा कमी आढळली. आपण वापरतो ती मात्रा बहुधा त्याहून बरीच कमी असते, तरी गोऱ्या त्वचेसाठी लिहिलेले वेळापत्रक जसेच्या तसे उचलू नका. चेहऱ्यावर वांग असतील तर उष्णतेने ते वाढू शकतात. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

औषधे: डॉक्सिसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन, अमिओडेरोन यांसारख्या औषधांनी त्वचा प्रकाशाला संवेदनशील होते. ही प्रतिक्रिया मुख्यतः अतिनील किरणांना येते, तरीही पॅनेल सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. ल्युपस असेल किंवा गरोदरपण असेल तर स्वतःहून सुरू करू नका. निदान न झालेल्या गाठीवर किंवा बदलत्या तिळावर हा प्रकाश कधीही देऊ नका.

तरीही घ्यायचे ठरवले, तर

१. आधी निदान करून घ्या आणि एकच त्रास निवडा.
२. नेमकी तरंगलांबी, अंतरासह तीव्रता, परवाना क्रमांक आणि भारतातील सर्व्हिस सेंटरचा पत्ता लेखी घ्या.
३. प्रकाशाच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६२४७१ या मानकाची चाचणी झाली आहे का, ते विचारा.
४. एका गुडघ्यासाठी अंगभर मोठे पॅनेल लागत नाही. छोटे पुरते.
५. परत करण्याची मुदत वाचा. आठ आठवड्यांत फरक दिसेल असे सांगतात आणि मुदत दहा दिवसांची असते.
६. पहिल्या दिवशी वेदनेला ० ते १० पैकी गुण द्या आणि दर आठवड्याला तारखेसह लिहा. त्वचेसाठी असेल तर एकाच खिडकीजवळ, एकाच वेळी फोटो काढा. आठ आठवड्यांत बदल नसेल तर थांबा.
७. चालू औषधे, व्यायाम आणि तपासण्या तशाच सुरू ठेवा.

त्याच पैशांत आणखी काय होऊ शकते, तेही घरात एकदा बोला. गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन कमी करणे यांचा पुरावा या प्रकाशापेक्षा कितीतरी भक्कम आहे आणि फिजिओथेरपिस्टकडे काही वेळा जाऊन ते व्यायाम शिकता येतात. पायांच्या मुंग्यांसाठी एचबीए१सी, बी-१२ आणि पायांची संवेदना तपासणे आधी व्हायला हवे. आईवडिलांना पॅनेल पाठवायचा विचार असेल, तर त्याआधी त्यांचे शेवटचे रिपोर्ट कधीचे आहेत ते फोन करून विचारा. वर्षभरात तपासणी झाली नसेल, तर पहिला खर्च तिथे करा.