तिरकी अक्षरे आणि आजींचा चष्मा

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये मुलीच्या लग्नाची मराठी पत्रिका छापायला द्यायची म्हटले, की नवरीचे मन बारीक, तिरक्या अक्षरांवर जाते. दिसतातही नाजूक! पण घरी आजींना मुहूर्तच वाचता येत नाही आणि नागपूरच्या पाहुण्यांना पत्ता लागत नाही.

ही तिरकी चाल इटलीची. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियसने व्हर्जिलचे काव्य तशा अक्षरांत छापले. देवनागरीची ती रीत नव्हे. मुंबईच्या ‘एक टाइप’च्या ‘मुक्ता’त बारीक ते जाड असे ७ प्रकार आहेत, तिरका एकही नाही. मग संगणक सरळ अक्षरच कलंडवतो. शिरोरेषा आडवी राहते, काने झुकतात, बारीक मात्रा हरवतात.

हौस वधूवरांच्या नावांपुरती पुरवावी. मुहूर्त, स्थळ, पत्ता सरळ आणि ठळक अक्षरांतच हवा. छपाईपूर्वी नमुना आजींना दाखवावा, तोही संध्याकाळच्या दिव्याखाली.